म्हातारं माणूस जेवण सोडतं तेव्हा ‘वय झालं’ म्हणून गप बसू नका. तीव्र नैराश्यावर इलाज आहे

ग्रामीण प्रतिनिधी : दोन वर्षं झाली या गोष्टीला. मृगाच्या तोंडाला आमच्या तात्यांनी जेवण सोडलं. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, तेव्हा वय ७१. एकदम नाही सोडलं. आधी रात्रीची भाकरी बंद झाली, मग सकाळची अर्ध्यावर आली, मग नुसता चहा. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. विचारलं तर “काही नाही” एवढंच. ज्या माणसाच्या आवाजानं वस्तीवरची कुत्री गप व्हायची, तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला.

आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. माघात चुलती वारली होती, म्हणून म्हणालो, धसका घेतलाय, होईल हळूहळू बरं. मग गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून आणलं. दोन दिवस जरा तरतरी वाटली, तिसऱ्या दिवशी परत तेच. आणखी एक सलाईन. मग ताकदीची इंजेक्शनं. मग कुणी म्हणालं बाहेरचं आहे, तेही बघून झालं. आणि शेवटी जे वाक्य आपल्याकडं प्रत्येक घरात ऐकायला मिळतं ते आलंच, “वय झालं आता, असंच असतं.” हे वाक्य मी स्वतः बोललोय. चार महिने गेले त्यात. तात्यांचं वजन अकरा किलोनं उतरलं.

मी काही डॉक्टर नाही. बारावी शिकलेला शेतकरी आहे आणि बातम्या पाठवतो. पण त्या चार महिन्यांनंतर जे बघितलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, वाचलं, ते आपल्या तालुक्यातल्या लोकांना सांगितलं पाहिजे असं वाटतं. कारण तात्यांसारखी माणसं मला आता गावोगाव दिसतात आणि घरच्यांना वाटतं की हे वयानं झालंय.

दुःख वेगळं, आजार वेगळा

जोडीदार गेला तर माणूस रडणारच. पण दुःखातलं माणूस नातवाला बघून घटकाभर का होईना हसतं, आवडीचं केलं तर दोन घास खातं, जुनी आठवण काढून बोलतं. तीव्र नैराश्यात ते सगळंच आटतं. नातू मांडीवर बसवला तरी हात फिरत नाही. दोन आठवडे सलग मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्याच्यासोबत झोप, भूक, ताकद, बोलणं, हालचाल हे बिघडलेलं असेल तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार धरतात. खाणंपिणं सुटणं, जिवावर उदार होणं किंवा मनात भलतेसलते भ्रम धरणं, इथवर गेलं की तो तीव्र.

म्हाताऱ्या माणसात हा आजार ओळखायला अवघड जातो, त्याचं कारण असं की ती माणसं “मी उदास आहे” असं म्हणतच नाहीत. आपल्या तात्या-आबांच्या तोंडी तो शब्दच नाही. ते म्हणतात छातीत भरल्यासारखं होतंय, पोटात आग पडलीय, अंगाला मुंग्या येतात, डोकं जड आहे. मग आपण पोटाचे, हाडांचे, हृदयाचे डॉक्टर फिरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि म्हातारं नाटक करतंय असं घरात कुजबुजायला लागतात.

भ्रमाचं सांगायचं तर तात्या एक दिवस मला म्हणाले, “माझी आतडी कुजलीत रे, अन्न खाली उतरतच नाही.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, सोसायटीच्या कर्जात घरदार लिलावात निघालंय. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं. बेबाकीचा दाखला आणून पुढं ठेवला, तरी पटेना. तेव्हा आम्हाला वाटलं वेड लागलं. नंतर कळलं की म्हातारपणातल्या तीव्र नैराश्यात असे भ्रम येतात आणि ते बहुतेक याच तीन गोष्टींभोवती फिरतात: शरीर सडलं, पैसा बुडाला, माझ्या हातून पाप झालं. वाद घालून ते जात नाहीत. आजार उतरला की आपोआप उतरतात.

आणि हे काही एखाद्या घरातलं नाही. केंद्र सरकारनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या वयस्क लोकांची मोठी पाहणी केली होती. लासी म्हणतात तिला. त्यात प्रश्न विचारून तपासलं तेव्हा साठीच्या पुढच्या शंभरातल्या आठजणांना नैराश्याचा आजार असावा असं निघालं. पण “डॉक्टरनं तुम्हाला हा आजार सांगितलाय का” असं विचारलं तर हो म्हणणारे शंभरात एकही भरत नव्हते. म्हणजे दहा घरांत आजार असेल तर नऊ घरांत त्याचं नावच माहीत नाही.

आधी रक्त तपासा

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टर नुसतं बोलत बसतील. पहिली चिठ्ठी रक्ताची निघाली. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम. थायरॉइड कमी असला तर माणूस हुबेहूब नैराश्यातल्यासारखा मंद होतो. बी-१२ कमी पडलं तरी थकवा, विसरभोळेपणा, उदासी येते. आपल्या भागात माळकरी मंडळी बरीच, मांस-अंडी घरात नाही, दूधही आता डेअरीला जातं, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर बी-१२ आणखी घटतं. तात्यांचं कमीच निघालं. त्याची इंजेक्शनं वेगळी सुरू झाली.

पक्षाघात, कंपवात, हृदयविकाराचा झटका यांच्या मागोमागही नैराश्य येतं. आणि विसरणं वाढलं म्हणून स्मृतिभ्रंश असेल असं घरी परस्पर ठरवू नये. नैराश्यातलं माणूसही विसरतं, पण विचारलं की “मला काही आठवत नाही” म्हणून हात टेकतं. स्मृतिभ्रंशातलं बहुतेक वेळा दडवतं, काहीतरी जुळवून सांगतं. हा फरक डॉक्टरांनीच करायचा, कारण पहिल्यात इलाजानं डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर येऊ शकतं. दोन्ही आजार एकत्र असणारेही असतात.

गोळ्या: लहान डोस आणि मोठा धीर

नैराश्याच्या गोळ्यांत म्हाताऱ्या माणसांना बहुतेक आधी सर्ट्रालीन किंवा एसिटालोप्राम या जातीच्या देतात. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर रात्री मिर्टाझापिन देतात. तरुण माणसापेक्षा कमी डोसानं सुरू करून हळूहळू वाढवतात. ही नावं सांगतोय ती स्ट्रिप वाचता यावी म्हणून, मेडिकलमधून परस्पर आणायला नाही.

इथंच निम्मी घरं फसतात. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात लागू पडते, ही पडत नाही. चार ते सहा आठवडे लागतात, म्हातारपणी कधी आठ आणि त्याहूनही जास्त. पहिल्या आठवड्यात तर फायदा दिसायच्या आधी मळमळ आणि बेचैनी दिसते. मग घरचे म्हणतात, “डॉक्टरचा गुण नाही,” आणि डॉक्टर बदलतात. तिकडं परत पहिल्यापासून.

दोन-तीन गोष्टींवर मात्र घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. या गोळ्यांनी काही म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, विशेष करून पहिल्या काही आठवड्यांत आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, जसं हायड्रोक्लोरोथायझाइड, चालू असेल तर. माणूस अचानक बरळायला लागलं, गुंगीत गेलं, तोल जायला लागला तर गोळी चढली म्हणून झोपवून ठेवू नका. दवाखान्यात नेऊन सोडियम तपासा. रक्त पातळ करायची गोळी किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या रोज चालू असतील तर तेही आधीच सांगा, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जावी, हे उत्तम.

जुनी अमिट्रिप्टिलीन नावाची गोळी अजून चालते. स्वस्त आहे, झोप येते. पण म्हातारपणी तिनं लघवी अडकते, बद्धकोष्ठ होतं, उठताना चक्कर येऊन माणूस पडतं. आणि झोपेची म्हणून जी अल्प्राझोलाम लोक बिनधास्त घेतात, तिनं नैराश्य बरं होत नाही. स्मरण बिघडतं, पाय लटपटतात, सवय लागते. रात्री लघवीला उठलं, पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, अशा म्हाताऱ्यांत कोण काय गोळी घेत होतं हे कुणी विचारत नाही.

‘शॉक’ म्हणलं आणि घर हादरलं

तात्यांना तीन आठवडे गोळ्या देऊनही पाणीसुद्धा पाजावं लागत होतं. मग भरती करून घेतलं आणि डॉक्टर म्हणाले, ईसीटी करावी लागेल. ईसीटी म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते. माझा चुलत भाऊ उठून बाहेरच गेला. चुलत बहीण रडायला लागली. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं सिनेमातला तो सीन, चार माणसं दाबून धरतात आणि रुग्ण किंचाळतो.

प्रत्यक्षात तसं नव्हतं. मी बाहेर बसलो होतो, पण काय करतात ते सगळं विचारून घेतलं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. हृदयाचा आलेख, रक्त हे आधी तपासलेलं असतं. भूल देतात, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात, ऑक्सिजन लावतात. मग डोक्याला काही सेकंद मोजकी वीज. त्यानं मेंदूत फिट येते, साधारण मिनिटाच्या आत थांबते. अंग सैल केलेलं असल्यामुळं झटके म्हणावे असे दिसत नाहीत. रुग्णाला काही कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासात जाग येते, थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं, डोकं दुखतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असं सहा ते बारा वेळा करतात. आणि भूल न देता, स्नायू सैल न करता शॉक द्यायला आपल्या देशात कायद्यानंच बंदी आहे, मानसिक आरोग्य कायदा २०१७. लेखी संमती लागते. ती कशासाठी आहे हे समजून घेऊनच सही करा, विचारायला लाजू नका.

अमेरिकेत साठीच्या पुढच्या २४० तीव्र नैराश्याच्या रुग्णांना गोळीसोबत ईसीटी दिली, तो अभ्यास २०१६ साली छापून आला. शंभरातले जवळजवळ बासष्टजण आजारातून बाहेर आले, सरासरी सात-साडेसात वेळा दिल्यावर. म्हातारपणी हा इलाज चालत नाही असं आपल्याला वाटतं, पण उलट आहे. ज्यांनी अन्नपाणी सोडलंय, ज्यांना भ्रम आहेत, ज्यांना सहा आठवडे गोळीची वाट बघायला वेळच नाही, त्यांच्यासाठी हाच सगळ्यात खात्रीचा इलाज धरतात. तोटाही आहे आणि तो लपवू नये. त्या दिवसांतल्या आठवणी पुसट होतात. तात्यांना भरती झालेलं आठवत नाही, गणपती कधी गेले तेही नाही. नवीन गोष्ट लक्षात राहायला महिनाभर त्रास झाला, मग ते सुधारलं. हृदय अगदी कमजोर असेल तर भुलेचा धोका बघूनच ठरवतात.

तिसऱ्या वेळेनंतरच्या संध्याकाळी तात्यांनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, “या आमटीत मीठ कुणाच्या बापानं घालायचं?” चार महिन्यांत पहिलं पूर्ण वाक्य. बहिणीनं मला फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

एकूण आठ वेळा झालं. दिवाळीला तात्या घरी.

आमची दुसरी चूक

आता हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. फाल्गुनात तात्या चांगले झाले होते. गोळ्या चालू होत्या. दर महिन्याला जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, गाडीभाडं, सुगीचे दिवस. कुणीतरी म्हणालं या गोळ्यांची सवय लागते. चुलत भावानं मला विचारलं, मी म्हणालो, “आता कशाला? बरे झालेत की.” बंद केल्या. दीड महिन्यात तात्या परत पहाटे तीनला ओट्यावर.

नैराश्याच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. पण एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटतो तो वेगळाच. बरं वाटायला लागल्यापासून पुढं कमीत कमी सहा महिने ते वर्ष, म्हातारपणी बहुतेक वर्षभर तरी, आणि परत उलटलेला असेल तर त्याहून जास्त काळ गोळी चालवतात. थांबवायची तर डॉक्टरनं टप्प्याटप्प्यानं उतरवायची. ईसीटीनंतर तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ईसीटी आजारातून बाहेर काढते, बाहेर ठेवायचं काम गोळीचं असतं. काहींना महिन्या-दोन महिन्यांनी एखादी ईसीटी देत राहतात. दुसऱ्या खेपेला तात्या गोळीवरच सावरले, पण पाच महिने गेले, आणि आधीसारखी तब्येत काही परत आली नाही.

फवारणीची औषधं आणि एक प्रश्न

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट शहरापेक्षा वेगळी आहे. कीटकनाशकं आपल्याकडं माळ्यावर, पलंगाखाली, गोठ्यात कुठंही पडलेली असतात. घरात असं आजारी माणूस असेल तर ती त्याच दिवशी घराबाहेर काढून कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडं द्या. जमलं तर लागतील तेवढीच आणा. गोळ्यांची स्ट्रिपही त्यांच्या उशाशी नको, रोजची रोज हातात द्या.

आणि सरळ विचारा. “तात्या, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. उलट मोकळं होतं माणूस. “आता सुटलो तर बरं” असं म्हातारी माणसं नेहमी म्हणतात, म्हणून आपण कान बंद केलेले असतात. पण ते बोलणं वाढलं, कागदपत्रं आवरायला लागले, निरोपासारखं बोलायला लागले, तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. काही घडलंच तर पोलीस केस होईल म्हणून वेळ घालवू नका. २०१७ च्या त्याच कायद्यात असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं धरून चालतात, शिक्षा करत नाहीत. १०८ ला फोन करा.

बोलणं आणि काम

“जरा उठा, फिरा, देवळात जा, मन रमवा.” आजार भरात असताना या सांगण्याचा काही उपयोग नाही. विहिरीला पाणीच नाही तिथं मोटर चालू करून काय निघणार? उलट जमत नाही म्हणून माणूस स्वतःलाच आणखी बोल लावतं. आधी इलाजानं थोडं पाणी लागू द्यायचं. मग मात्र काम हेच औषध होतं.

गोव्यात यावर चांगलं काम झालंय. तिथं साठीच्या पुढच्या, उदासीची सुरुवात झालेल्या पण अजून पूर्ण आजार न झालेल्या १८१ लोकांना निवडलं. निम्म्यांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी भेटून अडचणी सोडवायला, झोप नीट करायला, साखर-बीपी सांभाळायला मदत केली. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. वर्षभरानंतर त्यांच्यात शंभरी चारजणांना नैराश्याचा आजार झाला, बाकीच्यांत चौदाजणांना. म्हणजे सुरुवातीला धरलं तर गावपातळीवरही थोपवता येतं. तीव्र झाल्यावर मात्र नुसत्या बोलण्यावर ठेवू नये, गोळी हवीच.

आपली एक सवय मला आता खटकते. बाप सत्तरीला आला की आपण प्रेमानं म्हणतो, “आता तुम्ही बसा, आम्ही आहोत.” आणि बैल विकतो, व्यवहार हातात घेतो, डेअरीचं पुस्तकही काढून घेतो. साठ वर्षं काम केलेल्या माणसाला एका दिवसात बिनकामाचं करून टाकतो. त्यात कान गेलेले, मोतीबिंदू पिकलेला, म्हणजे टीव्ही नाही आणि पारावर बोलणंही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि कानाचं मशीन याही नैराश्याच्या इलाजातल्याच गोष्टी समजा.

कुठं जायचं

मानसोपचार तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात भेटतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक बऱ्याच तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी येतं, वार आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात उदासीचे दोन प्रश्न असतात. घरातल्या म्हाताऱ्याच्या वतीनं सुनेनं “नाही, नाही” म्हणून ते उरकू नयेत, त्यांनाच उत्तर देऊ द्यावं.

दवाखाना लांब असेल तर आधी १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. पाणी घेणंही बंद झालं असेल किंवा जिवाचं बोलणं निघालं असेल तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या. देवाला जायचं असेल तर जा, अंगारा लावा, माझी हरकत नाही. गोळी चुकवू नका एवढंच.

तात्या आता ७३ चे आहेत. रात्रीची गोळी चालू आहे, बी-१२ चं इंजेक्शन अधूनमधून. दोन शेळ्या सांभाळतात, डेअरीचं पुस्तक परत त्यांच्याकडं दिलंय. परवा लिटरमागं फॅट कमी लावली म्हणून संकलन केंद्रावर अर्धा तास भांडून आले. हा लेख पाठवायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, “माझं नाव नको घालू. पण ते मिठाचं असू दे.”